गल्ली सहाचा पाकिस्तानी

आमच्या कॉलनीत एक पाकिस्तानी राहतो. लेखक आहे, चित्रपट काढतो आणि अलीकडे राजकारणातही पडलाय. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी दचकतो, मग आवाज खाली आणून विचारतो, "पोलिसांना माहीत आहे का?" माहीत आहे. बीटचा हवालदारच त्याला लांबून हाक मारतो, "काय पाकिस्तानी, चहा का?"

त्याचं खरं नाव फकिरा पुंजाराम तांगडे. जन्म पाचोडचा, कुटुंब शेतकऱ्याचं, नोकरी वाळूजच्या एका कंपनीत तीस वर्षं, आणि आता मुक्काम गारखेड्यात, गोदाकाठ कॉलनी, गल्ली सहा. तीन पिढ्यांत घरातलं कुणी जालन्याच्या पलीकडे फारसं गेलेलं नाही. पण नाव पडायला माणसाला कुठं जावं लागत नाही. ते घरपोच येतं.

फकिराभाऊंचं आलं ते बहात्तर सालच्या सव्वीस जानेवारीला. लढाई नुकतीच जिंकलेली. पाचोडच्या शाळेत गुरुजींनी नाटुकलं बसवलं. भारतीय जवान व्हायला सगळा वर्ग तयार, पाकिस्तानी व्हायला कुणीच नाही. शेवटी गुरुजींचं बोट फकिराकडं गेलं. कारण एवढंच, की त्याचे आजोबा निजामाच्या शाळेत शिकलेले. घरात हिशेब उर्दूत, शिव्याही उर्दूत, त्यामुळे "खबरदार, एक कदम आगे मत बढ़ाना" हे वाक्य फकिराच्या तोंडून असं निघायचं की पहिल्या रांगेतली पोरं मागं सरकायची.

भारताचा जवान झाला होता साहेबराव निर्मळ. त्याच्या हातात टिकल्यांचं पिस्तूल. ठरलं असं, की तीन टिकल्या वाजतील आणि तिसरीला पाकिस्तानी मरून पडेल. पण टिकल्या दमट निघाल्या. साहेबराव चाप ओढतोय, पिस्तूल नुसतं खट्‌ खट्‌ करतंय, आणि फकिरा उभा. गुरुजी पडद्याआडून दातओठ खात म्हणतायत, "मर! अरे मर की!" तर हा पठ्ठ्या सगळ्या गावासमोर म्हणाला, "गुर्जी, गोळी वाजलीच नाय तर मरू कसा?"

पडदा पडला तेव्हा रंगमंचावर भारत रडत होता आणि पाकिस्तान उभा होता.

त्या दिवशी फकिराला दोन गोष्टी मिळाल्या: गुरुजींच्या हातचा मार आणि साहेबरावाच्या तोंडचं नाव. मार दोन दिवसांत उतरला. नाव पाचोडहून एस.टी.त बसलं, शहरात आलं आणि पुढं ज्या कॉलनीत फकिराभाऊंनी प्लॉट घेतला त्याच कॉलनीत साहेबरावानंही घेतल्यामुळे तिथंच स्थायिक झालं. या शहराचं नाव बदललं, फकिराभाऊंचं बदललं नाही.

आता हे नाव काही साधं नाही. आमच्याकडं हा शब्द एरवी कुणाला मारला जातो आणि तो कसा लागतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. फकिराभाऊंना तो गमतीत मारायचे, निदान म्हणायचे तरी तसंच. त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई मात्र कधी हसल्या नाहीत. त्यांचे भाऊ कृष्णा सैन्यात सुभेदार होते. मेव्हण्याचं हे नाव त्यांनी लग्नाच्या पंगतीतच ऐकलं आणि तेव्हापासून ते बहिणीकडं आले की उंबऱ्याच्या आत चपला काढून, बाहेर कुणाशी न बोलता, जेवून परत जात.

लेखक फकिराभाऊ झाले निवृत्तीनंतर. कॉलनीच्या तोंडाशी एक फळा आहे. त्यावर पूर्वी 'हसा आणि लठ्ठ व्हा' असले सुविचार असायचे. फकिराभाऊंनी खडू हातात घेतला आणि सुविचार संपले. पहिल्याच दिवशी त्यांनी लिहिलं, 'सहा दिवसांनी एकदा येतो त्याला पाहुणा म्हणतात. आपण त्याला पाणीपुरवठा म्हणतो.' लोक हसले. दुसऱ्या दिवशी लिहिलं, 'पाहुणा गल्ली एकमध्येच जेवतो, गल्ली सहापर्यंत फक्त ढेकर येतो.' या वेळी गल्ली एक हसली नाही.

इथं थोडं पाण्याचं सांगायला हवं. कॉलनीचं नाव गोदाकाठ असलं तरी गोदावरी पैठणला आणि आम्ही गारखेड्यात. मधे पन्नास किलोमीटरची तहान. पाणी सहाव्या दिवशी सकाळी येतं, दीडेक तास. कॉलनीत सहा गल्ल्या, प्रत्येक गल्लीचा वेगळा व्हॉल्व, आणि सगळे व्हॉल्व उघडायची एकच लांब लोखंडी चावी. ती चेअरमनकडं असते. बारा वर्षं चेअरमन साहेबराव निर्मळ, राहणार गल्ली एक. मग व्हॉल्व कुठून उघडायला सुरुवात होणार, हे लहान पोरही सांगेल. त्यात घरोघर थेट नळाला मोटर. सहाव्या गल्लीत पाणी पोचेपर्यंत त्याचं पाणीपण संपलेलं असायचं.

सहाव्या गल्लीतलं शेवटचं घर वच्छलाबाईंचं. वय पंचाहत्तरच्या पुढं, एकट्या, जीभ मात्र पंचवीस वर्षांची. पाणी यायच्या दिवशी त्या नळाखाली घागर ठेवून बसायच्या आणि नळ नुसता खोकायचा. मग शेजारी फकिराभाऊंच्या दारात येऊन उभ्या राहायच्या. "पाकिस्तान्या, तुझी मोटर माझ्या नरड्यातलं पाणी ओढती रे," म्हणायच्या. आणि ते खरं होतं. मनकर्णाबाईंनी भिशीतून हौसेनं घेतलेली मोटर होती ती.

या वाक्यानं फकिराभाऊंचा चित्रपट सुरू झाला. म्हणजे खरोखरच याच वाक्यानं सुरू होतो. अठरा मिनिटांचा चित्रपट, नाव 'शेवटचा नळ', मोबाइलवर काढलेला. वच्छलाबाईंचा खोकणारा नळ. मग शेजारच्या घराची पाटी: फकिरा पुंजाराम तांगडे. मागं मोटरचा घर्रर्र आवाज. मग पुढची पाटी, पुढची मोटर, असं करत करत कॅमेरा गल्ली एकपर्यंत चढत जातो आणि साहेबरावाच्या दारात थांबतो. तिथं टाकी भरून वाहतेय आणि साहेबराव पाइप लावून गाडी धुतोय. या एका वाक्यापलीकडे चित्रपटात संवाद नाहीत. नुसत्या पाट्या आणि मोटरी.

गणपतीत तो ओपन स्पेसवर पडद्यावर दाखवला. कॉलनीवरचा सिनेमा म्हणून माणसं नटूनथटून आली होती. पहिल्या पाटीला हशा झाला. दुसऱ्या पाटीला ज्याची पाटी तो सोडून सगळे हसले. पंधराव्या पाटीला हसायला कुणी उरलंच नव्हतं. माझी पाटी एकोणिसावी. रंग उडालाय हे मला तेव्हा प्रथम दिसलं.

साहेबराव उठला आणि पडद्यासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या शर्टावर त्याचीच गाडी धुतली जात होती.

"बंद कर! ए, बंद कर ते! लोकाच्या घरात कॅमेरे घालतो? बाया-माणसं राहत्यात हितं!"

"घरात कुठं घातला?" फकिराभाऊ म्हणाले. "पाट्या रस्त्यावरच लावल्यात की तुमी. मोटरी घरात हायेत, त्यांचा फक्त आवाज घेतला."

"हेरगिरी हाय ही! नाव काय उगं पडलं नाय तुला!"

या वेळी ते गमतीत नव्हतं. आणि गंमत अशी की टाळ्या पडल्या.

त्यानंतरचे तीन महिने सांगण्यासारखे नाहीत, म्हणून थोडक्यात सांगतो. कॉलनीच्या व्हॉट्सॲप गटातून फकिराभाऊंना काढलं. स्कूटरची हवा इतक्या वेळा सोडली की पंक्चरवाल्यानं, "काका, पंप घरीच ठेवा," असा सल्ला दिला. फळ्यावर कुणीतरी डांबर फासलं. मनकर्णाबाईंना हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. त्या साडी नेसून संध्याकाळपर्यंत बसून राहिल्या आणि मग साडी न बदलताच भांडी घासायला लागल्या. नवऱ्याशी त्यांचंही बोलणं बंद होतं, पण त्याचं कारण वेगळं.

"साऱ्या जगात पयली पाटी आपलीच सापडली व्हय?" एवढंच त्या एकदा म्हणाल्या. "माझी मोटर चोरीची असल्यावाणी दाखवली."

"वच्छलामावशीच्या शेजारी आपूनच हाव ना. सुरवात दुसऱ्याच्या घरापासून केली असती तर मी साहेबराव झालो असतो."

मोटर त्यांनी काढून माळ्यावर टाकली होती. घरात प्यायला पाणी नव्हतं, तत्त्व भरपूर होतं.

तेव्हा ठरलं. फकिराभाऊ म्हणाले, सिनेमा काढून चावी मिळत नाय, चावी चेअरमन होऊनच मिळती. जानेवारीत कॉलनीच्या गृहनिर्माण संस्थेची निवडणूक लागली आणि त्यांनी अर्ज भरला. मागणी एकच: पाणी शेवटच्या गल्लीपासून सोडायचं.

साहेबरावानं यावर जो डाव टाकला तो मोठ्या राजकारणात जुना असला तरी आमच्या कॉलनीत नवा होता. गल्ली दोनमध्ये आणखी एक फकिरा तांगडे राहतात, भावकीतलेच. वय सत्तर, दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. साहेबरावानं त्यांच्याही अर्जावर सही घेतली. त्यांना वाटलं ज्येष्ठ नागरिकांच्या सहलीचा फॉर्म आहे. झालं, उमेदवार तीन: एक साहेबराव आणि दोन फकिरा तांगडे.

आता आमच्या संस्थेत छापील मतपत्रिका नसते. कोऱ्या चिठ्ठीवर ज्यानं त्यानं उमेदवाराचं नाव आपल्या हातानं लिहायचं, ही पद्धत. सहकार खात्याच्या यादीतून निवडणूक अधिकारी म्हणून अमृता मॅडम आल्या होत्या. तरुण, शांत, चष्म्याच्या वरून बघणाऱ्या. त्यांनी सुरुवातीलाच बजावलं, "दोन उमेदवारांचं नाव सारखं आहे. नुसतं फकिरा तांगडे लिहिलं तर चिठ्ठी बाद होईल. वडिलांचं नाव लिहा, गल्ली लिहा, ओळख पटेल असं काहीही लिहा."

एकशे बारा घरं, एकशे बारा चिठ्ठ्या. मोजणी ओपन स्पेसवरच्या सभागृहात सगळ्यांसमोर. साहेबराव चव्वेचाळीस. फकिरा पुंजाराम, किंवा 'गल्ली सहावाले', असं लिहिलेल्या एकतीस. दुसऱ्या फकिरांना सहा. नुसतं फकिरा तांगडे लिहिलेल्या आठ, त्या बाद. साहेबरावाच्या माणसानं हार पिशवीतून बाहेर काढला.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "अजून तेवीस आहेत." त्यांनी एक चिठ्ठी उघडली, दुसरी उघडली, मग चष्मा पुसला. "यांच्यावर 'पाकिस्तानी' असं लिहिलंय."

साहेबरावाच्या माणसानं हार तसाच हातात धरला. वर पंखा कुरकुरत राहिला.

साहेबराव उठला. "बाद करा. पाकिस्तानी नावाचा कुणी इसम या संस्थेचा सभासद नाय."

"खरंय," मॅडम म्हणाल्या. "पण कॉलनीत कुणाला या नावानं ओळखतात का?"

एकशे बारा घरांची माणसं छताकडं बघायला लागली. ज्यांनी तीस-तीस वर्षं रोज सकाळी हे नाव गल्लीभर ओरडून म्हटलं, त्यांना ते आठवेना. मीही पंख्याकडंच बघत होतो. फार चांगला पंखा आहे तो.

"कुणालाच माहीत नाही?"

तेवढ्यात मागच्या रांगेतून दुसरे फकिरा तांगडे शेजाऱ्याला मोठ्यानं विचारते झाले, "काय म्हंत्यात मॅडम?"

शेजारी कानात ओरडला, "पाकिस्तानी कोन हाय म्हंत्यात!"

"आँ? ह्यो काय हितंच बसलाय की!" त्यांनी काठीनं दाखवलं. "आपला पुंजारामाचा. मीबी त्यालाच चिठ्ठी टाकली. मला कुठं चेअरमन व्हायचंय, मला तर सहलीला जायचंय."

हसू फुटलं, पण साहेबराव हसला नाही. तो काही कच्चा गडी नव्हता. तो मॅडमकडं वळला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "मॅडम, असं तोंडी चालत नसतं. उमेदवारानं लेखी द्यावं. 'मीच पाकिस्तानी' म्हून लिहावं अन् सही करावी. मग मोजा." आणि त्यानं खिशातून मोबाइल काढला. त्याच्या मागं पाच-सहा मोबाइल वर झाले. "लिही गड्या. तुझा सिनेमा आमी पाह्यला, आता आमचा सिनेमा लोक पाहतील. उद्या हा कागद ठाण्यातबी जाईल."

मॅडमनी जरा विचार केला. "लेखी लागेल," त्या म्हणाल्या. "नाहीतर या चिठ्ठ्या मला बाद कराव्या लागतील."

गणित सोपं होतं. सही केली तर चौपन्न, चावी आणि तो कागद. नाही केली तर एकतीस, आणि वच्छलाबाईंचा नळ आणखी पाच वर्षं खोकत राहणार.

फकिराभाऊ उठून बाहेर पडवीत गेले. मी मागं गेलो.

"पन्नास वर्षं ऐकलं," ते म्हणाले. "कानानं ऐकणं येगळं, हातानं लिवणं येगळं."

"एक शब्द तर आहे, भाऊ."

"तुमाला एक शब्द. आपला भाजीवाला मुनीर, त्याला परवा साहेबरावाच्या पोरानं भाव कमी केला नाय म्हून हाच शब्द हाणला. मी हसून सोडतो, कारण मला ठाव हाय, मी नाय. पन मुनीरबी नाय, तरी त्याला हसता येत नाय. गाडा घेऊन खाली मान घालून गेला. अन् आता मी त्योच शब्द सहीनिशी लिहून द्यायचा? मंग त्यो गमतीचा झाला का सगळ्यासाठी?"

मी पडवीचे खांब मोजायला लागलो. आम्हा विनोदी माणसांचं असं अडचणीच्या वेळी होतं.

मनकर्णाबाई बाहेर आल्या. एवढ्या महिन्यांत नवऱ्याशी सलग तीन वाक्यं न बोललेल्या बाई. मला वाटलं भावाचं काढतील, सुभेदार साहेबांना तोंड कसं दाखवू म्हणतील.

"दादाचं मी बघते," त्या म्हणाल्या. "तुमी लिवायचं काय ते लिवा. फळ्यावर येवढं लिवता, अन् कागदावर कामून अडलं? पन खोटं लिवू नका. अन् लवकर लिवा, उद्या पाण्याचा दिवस हाय."

'खोटं लिवू नका' या तीन शब्दांनी लेखक जागा झाला. फकिराभाऊ आत गेले, टेबलाशी बसले, आणि सहा मोबाइलांच्या समोर शाळेतल्यासारख्या ठळक अक्षरांत लिहायला लागले. मग मॅडमच्या हातात कागद दिला. मॅडमनी तो मोठ्यानं वाचला:

"मी, फकिरा पुंजाराम तांगडे, राहणार गल्ली सहा, लिहून देतो की मी पाकिस्तानी नाही. गोदाकाठ कॉलनीतले लोक मला रागाने व हेटाळणीने पाकिस्तानी म्हणतात. हा शब्द त्यांचा आहे. मत मात्र माझे आहे, ते मला द्यावे."

"रागानं, हेटाळणीनं हे लिहायलाच हवं का?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, तेवढंच तर खरं हाय त्यात."

"हरकत आहे माझी!" साहेबराव ओरडला. "यात कॉलनीची बदनामी हाय!"

"तुम्ही लेखी मागितलं होतं," मॅडम म्हणाल्या. "खोटं आहे असं वाटत असेल तर तसं लेखी द्या. 'आम्ही यांना कधीच असं म्हणत नव्हतो.' सही करा, मी दोन्ही कागद जोडते."

साहेबरावानं पेन घेतलं. कागदावर टेकवलं. मग सभागृहाकडं एकदा बघितलं. तिथं एकशे बारा घरांचे साक्षीदार होते, आणि या वेळी कुणीच पंख्याकडं बघत नव्हतं. त्यानं पेन खाली ठेवलं. एकेक करून मोबाइलही खाली गेले.

चौपन्न विरुद्ध चव्वेचाळीस.

हार कुणी घातला नाही. तो साहेबरावाच्या पैशाचा होता, परत पिशवीत गेला. अभिनंदनही कुणी केलं नाही. साहेबरावानं चावी दिली, म्हणजे फकिराभाऊंच्या पायापासून वीतभर अंतरावर आदळली. कागदाचा फोटो संध्याकाळपर्यंत गटावर फिरला, पण त्याच्याखाली काय लिहावं हे कुणालाच सुचेना, कारण कागदात ज्यांना नावं ठेवली होती तेच सगळे वाचणारे होते. सुभेदार कृष्णामामांचा बहिणीला फोन आला. आत काय बोलणं झालं ठाऊक नाही. मनकर्णाबाईंचा आवाज तेवढा बाहेर ऐकू येत होता, "तू सरहद्दीवर होता, दादा. हितं गल्लीत मी होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं. नवे चेअरमन खांद्यावर चावी टाकून निघाले. गल्ली एकच्या दारादारांत माणसं उभी होती. एकानं गेट आपटलं. साहेबरावाच्या घरातून कुणीतरी त्यांच्या पायाशी चूळ टाकली. फकिराभाऊंनी एक ते पाच सगळे व्हॉल्व आवळले आणि सहावा पूर्ण उघडला. माझ्या घरातली मोटर तेवढ्यात कोरडी घर्रर्र करायला लागली. बायको माझ्याकडं अशी बघत होती, जणू मीच त्यांना मत दिलं असावं.

सहाव्या गल्लीत पाणी पहिल्यांदाच पूर्ण जोरात आलं. वच्छलाबाईंनी नळाखाली नेहमीसारखी एकच घागर ठेवलेली. ती अर्ध्या मिनिटात भरली. मग बादली भरली, पातेली भरली, परात भरली, पितळेचा डबा डाळ काढून त्यात भरला. मग नळ बंद करायला गेल्या तर नळ फिरेना. इतक्या वर्षांत तो बंद करायची वेळच आली नव्हती, तो तसाच गंजून बसलेला. पाणी अंगणातून ओट्यावर चढलं, ओट्यावरून उंबऱ्याच्या आत. बाई कासोटा खोचून गल्लीत आल्या आणि वरच्या टोकाकडं तोंड करून अशा ओरडल्या की पाचव्या गल्लीतली कुत्री उठली.

"पाकिस्तान्याऽ! मुडद्या! बंद कर की रं, चूल बुडाली माझी!"

चेअरमन चावी सावरत खाली पळत सुटले.